ती कक्ष

कुलूप लावलेली इमारत आणि सोडून दिलेली इमारत, दोघींचा वास वेगळा असतो. कुलूपबंद घरात कपाटांचा, गाद्यांचा, कोणीतरी परत येणार असल्याचा वास कोंडून राहिलेला असतो. सोडून दिलेलीला आधी मातीचा वास येतो, मग वटवाघळांचा, आणि तावदानं गळून पडली की हळूहळू बाहेरच्या शेताचाच येऊ लागतो. हा फरक मला वयाच्या आठव्या वर्षी कळत होता. तेव्हा मला पुरती बाराखडीही येत नव्हती.

आता मी सांगलीत शिक्षिका आहे. शाळा सुटली की स्कूटर मुद्दाम हळदीच्या पेठेतून घालते. पेठेमागच्या गल्लीत एक पडीक गोदाम आहे. कधीतरीच्या पुराची मातकट रेघ त्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर आहे. दाराच्या फटीला नाक लावलं तर आत अजून हळद आहे, ओली, जुनी, जरा कडवट. तासगावच्या वाटेवर पत्रे उडालेलं एक टॉकीज आहे. त्याच्या तिकीटखिडकीत आता साळुंक्या राहतात. अशी जागा दिसली की हात आपोआप ब्रेकवर जातो. इथं कोण होतं? सगळ्यांत शेवटी कोण बाहेर पडलं? दार ओढून घेताना त्याने मागे वळून पाहिलं का? मी एका वहीत हे लिहून ठेवते. ठाऊक नसतं तिथं मनाने भरते. शाळेतल्या बाया हसतात, "मॅडमना भुतं भेटतात," म्हणतात.

भूत मला कधी भेटलं नाही. पण मनाने भरलेल्या एका इतिहासाने माझ्या घरातल्या दोन माणसांचं फार नुकसान केलं. ते सांगायचं म्हणजे आधी मेंढरांपासून सांगायला हवं.

आमचं गाव आटपाडीकडच्या माळावर. दसरा झाला, माळावरचं गवत पिवळं पडून मोडायला लागलं की आबा मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे, कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखाकडं. वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं चौक येतो, माडी येते. आमच्यात वाडा म्हणजे जाळी लावून कोंडलेली मेंढरं, बाजूला तीन दगडांची चूल आणि घोड्याच्या पाठीवरून उतरवलेलं बिऱ्हाड. सकाळी जाळी गुंडाळली की वाडा संपला. मागे उरायचा तो लेंड्यांचा काळा चौकोन. तेवढ्या खतासाठी शेतकरी आम्हाला बोलवायचे.

चालताना पुढं आबा, खांद्यावर काठी आडवी, तिच्यावर दोन्ही हात टाकलेले. मधे लोकरीची एक संथ नदी. मागे आई, आत्या आणि मी. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आमच्यातच असायची. बोलायला काटेरी. पण थंडीच्या पहाटे नुकतं जन्मलेलं कोकरू आपल्या लुगड्यात घेऊन ती मैलच्या मैल चालायची आणि ते कोकरू तिच्या पोटाशी झोपून जायचं. मला त्या कोकराचा हेवा वाटायचा.

त्या वाटेवरच्या रिकाम्या इमारती आमच्या ओळखीच्या होत्या. घाटाखाली जुना जकात नाका होता. त्याच्या खिडकीतून आत्या मला भाकरी द्यायची आणि मी आधी तिला खोटी पावती फाडून द्यायची. विट्याच्या पुढं बंद पडलेलं जिनिंग होतं. तिथं सरकीचा तेलकट वास आणि कोपऱ्यात काळे पडलेले कापसाचे पुंजके. कालव्याकाठी पाटकऱ्याची खोली होती, छप्पर नसलेली, मधोमध एक बाभूळ उगवलेली. आबांनी सगळ्यांना नावं दिली होती. थंड घर. विंचवाचं घर. जिनिंगचं नाव बोलतं घर, कारण तिथं हाक मारली की उत्तर यायचं. आबा तिथं शिरताना नेहमी विचारायचे, "येऊ का?" आणि ते घर म्हणायचं, "ये का... ये का..."

दुसरे लोक अशा इमारती बघायला जातात. आम्ही त्यांत राहायचो. त्या रिकाम्या नसत्या तर आम्हाला कोणी थारा दिला नसता.

वाटेचा शेवट म्हणजे दवाखाना. कराडजवळच्या मलकापूरच्या अलीकडं, दोन-अडीच कोसांवर, एका वळणावर. काळ्या दगडाचं जोतं, मंगलोरी कौलं, लांबच लांब व्हरांडा. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, उन्हाने गुलाबी झालेला. दवाखाना बंद होऊन तीन-चार वर्षं झाली असावीत. पौषात आम्ही तिथं पोचायचो. चारी बाजूंनी उसाचे फड, आणि कुठल्या तरी गुऱ्हाळावरून काकवीचा गोड, जड वास धुक्याबरोबर जमिनीलगत सरकत यायचा. सकाळी डोळे उघडले की घोंगडीवर दव असायचं आणि त्या दवालाही गुळाचा वास असायचा.

व्हरांडा मात्र झाडलेला असायचा. रोज. मागच्या वस्तीतून एक नर्सबाई यायच्या. चाळिशीच्या, उंच, पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा. वस्तीवर पंचशीलाचा झेंडा होता आणि गल्लीतलं पहिलंच घर त्यांचं. नोकरीचा दवाखाना दुसरीकडं नव्या इमारतीत गेला होता. त्या तिथं पोरांना लशी टोचायला जायच्या आणि जाण्याआधी हा जुना व्हरांडा झाडायच्या. सगळे त्यांना शिस्टर म्हणायचे. नाव कोणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला त्यांनी कधी हटकलं नाही. दोनच अटी होत्या.

"व्हरांड्यात चूल मांडू नका. आणि त्या खोलीच्या दाराला हात लावू नका."

ती खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दाराला जाड कुलूप. दारावर निळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं, पण सुरुवातीच्या अक्षरांचा रंग पोपडे धरून गळलेला. मी मैलाच्या दगडांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं गोळा केली होती. मी बोट ठेवून वाचलं, 'ती कक्ष'.

कक्ष म्हणजे खोली, एवढं आबांनी सांगितलं. मग ती म्हणजे कोण? मी तासन् तास त्या दाराशी बसायची. मी ठरवून टाकलं की आत एक बाई राहते. ती कोणाची तरी वाट बघते. तिचे केस जमिनीपर्यंत आलेत. शिस्टर तिच्यासाठीच रोज व्हरांडा झाडतात. मी दाराखालच्या फटीतून तिला बोरं सरकवायची. दुसऱ्या दिवशी बोरं तिथंच असायची, मुंग्या लागलेली. मला वाटायचं, तिला बोरं आवडत नसतील.

त्या साली आईचे दिवस भरत आले होते. आत्या सोबत आहे म्हटल्यावर कोणाला काळजी नव्हती. मेंढरांची आणि बायकांची कितीतरी बाळंतपणं तिच्या हातून झाली होती. पण त्या दिवशी उजाडता उजाडता आत्या पालातून बाहेर आली ती हात पुसत, चेहरा राखेसारखा.

"पायाकडनं येतंय," ती आबांना म्हणाली. "माज्या आवाक्यातलं न्हाई ह्ये. त्या बाईला बोलीव."

आबा निघाले. मी त्यांच्या धोतराचं टोक धरून मागे. धुकं इतकं की झेंड्याची नुसती काठी दिसत होती. शिस्टर दारात उभ्या होत्या, हातात झाडू.

"शिस्टरबाई, आवं, बायकू अडलीया. पोर पायाळू हाय म्हनत्यात."

"मी बाळंतपणं करत नाही आता," त्या म्हणाल्या. "कराडला न्या."

"कशानं नेऊ?"

"शेताच्या मालकाची जीप मागा."

"जीप कारखान्यावर गेलीया. दुपारी येनार."

 त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आबा तिथंच उभे राहिले. हात जोडलेले, पण जोडलेत हे त्यांच्या लक्षात नसावं. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग शांत. मग परत पाण्याचा आवाज. मग परत. मी आबांकडं बघितलं. माझ्या आबांना मी तेवढं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

दार उघडलं. शिस्टरांच्या एका हातात पातेलं होतं, दुसऱ्या हातात किल्ली.

पालापाशी आत्या आडवी आली. "बाई, तुमी कुनाच्या?" तिनं विचारलं.

शिस्टर तिच्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "त्या झेंड्याखालच्या घरातली हाय. तुमाला दिसलंय. हात लावू का नको, एवढं आत्ता सांगा. मागनं सांगून उपयोग न्हाई."

तेवढ्यात आतून आई ओरडली. आत्यानं एकदा पालाकडं बघितलं, एकदा शिस्टरांकडं. मग तिनं त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं.

"पानी लय कडत करू का बेतानं?" ती म्हणाली.

आबांनी आणि आत्यानं आईला घोंगडीत उचलून नेलं. त्या टोकाच्या खोलीचं कुलूप निघालं. क्षणभरच मला आत दिसलं. अर्ध्यापर्यंत हिरव्या रंगाची भिंत. लोखंडी टेबल, त्यावर पांढरी चादर, धुतलेली, घडी न मोडलेली. धुळीचा कणही नव्हता. फिनेलचा उग्र, स्वच्छ वास. आत बाई नव्हती. पण कोणीतरी तिची खोली रोज आवरत असावं, तशी ती होती. मग दार लागलं.

मला कोकरांकडं पिटाळलं. मी जाळीपाशी बसून राहिले. धुक्यात मेंढरांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. ऊस वाहणाऱ्या गाड्यांची चाकं लांब कुठं तरी करकरत गेली. ऊन जाळीपर्यंत येऊन पोचलं, मग माझ्या पायांवर चढलं. अखेर बाळाचं रडणं ऐकू आलं, बारीक, चिडलेलं.

मी धावत गेले. दार उघडून आत्या बाहेर आली. मला वाटलं ती हसेल. ती पायरीवर बसली, पदर तोंडात कोंबला आणि हमसून हमसून रडायला लागली. आत्याला रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, नवऱ्याच्या श्राद्धाला नाही, मेंढरं मेली तेव्हा नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"पोरगी," ती एवढंच म्हणाली.

त्या एका शब्दापुढं मी माझा इतिहास लिहून टाकला.

पाचवी पुजून आम्ही निघालो. जाताना आत्यानं शिस्टरांच्या हातात एक घोंगडी ठेवली, स्वतः विणवून घेतलेली, काळ्याभोर लोकरीची. शिस्टरांनी आमच्या पितळीतला चहा घेतला.  आई बाळाला घेऊन घोड्यावर बसली. धुक्यात दवाखाना हळूहळू विरघळत गेला, आधी जोतं, मग त्रिकोण, मग कौलं. पुढच्या साली आमची वाट बदलली. आणखी काही वर्षांनी माळावर कालव्याचं पाणी आलं. आबांनी डाळिंबं लावली आणि घोडी विकली. मला शाळेत घातलं. आमचं एक पक्कं घर झालं, आणि मी त्या घरात झोपताना कितीतरी दिवस आढ्याकडं बघत जागी राहायची, कारण ते रिकामं नव्हतं.

धाकटी आठ-नऊ वर्षांची असताना आमचं काहीतरी भांडण झालं. कशावरून ते आठवत नाही. शब्द मात्र आठवतात. मी म्हणाले, "तू झालीस तेव्हा आत्या रडली होती. मुलगी झाली म्हणून. मी बघितलंय."

 त्या दिवसापासून धाकटीनं आत्याच्या हातचं मेंढीचं दूध प्यायचं सोडलं. आत्यानं वेणी घालायला बोलावलं की ती आईकडं जायची. आत्याला काही कळायचं नाही. ती फणी हातात धरून बसून राहायची. मग मी जाऊन बसायची तिच्यापुढं. ती माझी वेणी घालायची, जरा ओढून. धाकटी मोठी झाली, तासगावला दिली, नवऱ्याबरोबर बेदाण्याचं शेड उभं केलं. आत्या शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा ती एकदाच आली. उंबऱ्याशी उभी राहिली, "बरं हाय का?" विचारलं आणि पोरांची शाळा आहे म्हणून परत गेली. आत्यानं मला विचारलं, "ह्या पोरीचं माज्यावर काय हाय गं?" मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

गेल्या थंडीत मी प्रशिक्षणासाठी कराडला गेले. येताना एसटीच्या खिडकीतून ते वळण दिसलं. आता तिथं टायरची दुकानं होती, एक मंगल कार्यालय, नर्सरी. आणि त्यांच्या मधे, जोत्यापर्यंत गवतात बुडालेला, दवाखाना. भिंतीवर लाल रंगाने आकडा घातलेला. रस्ता रुंद होणार होता. मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि चालत मागे आले. टायरवाल्याने सांगितलं, "परवा पडनार. जेसीबी सांगितलाय."

मी धाकटीला फोन लावला.

"काय गं ताई, परत पडकी घरं?" मागून शेडमधला यंत्राचा आवाज.

"आपला दवाखाना परवा पाडणार आहेत. तू झालीस तो."

"मग पाडू दे की. आत्या रडली ती जागा न्हवं? बरं झालं."

पण पाडायच्या दिवशी सकाळी मी पोचले तर रस्त्याकडेला तिची गाडी उभी होती. "मलकापुरात एका गिऱ्हाइकाला माल दाखवायचा हुता," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

जेसीबी येऊन थांबला होता. त्याचा चालक सावलीत डबा उघडत होता. आणि व्हरांड्यात, टोकाच्या खोलीपाशी, एका दगडावर एक म्हातारी बाई बसली होती. पांढरं पातळ, हातात काठी. अंबाडा आता सुपारीएवढा.

मला पुढं जायला धीर होईना. शेवटी मी जवळ जाऊन म्हणाले, "शिस्टर, आम्ही धनगरं. आटपाडीकडची. मेंढरं घेऊन इथं उतरायचो. तुम्ही आमच्या आईचं..."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्यावरून मागे उभ्या असलेल्या धाकटीकडं. डोळे बारीक केले.

"पायाळू!" त्या म्हणाल्या. "ती पायाळू पोर ही?"

धाकटी एकदम हसली. तिला राहवलंच नाही. "आवं, आयुष्यभर तेच करतीया. कुनाची कंबर धरली की मला बोलावत्यात लाथ मारायला."

शिस्टर काठी टेकत उठल्या आणि आम्हाला दवाखाना दाखवायला लागल्या. खरं तर दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "हितं डॉक्टर बसायचे. बसायचे म्हंजे, खुर्ची असायची. हितं औषधाची खिडकी. हितं बाया रांगेत बसायच्या, पोरं मांडीवर." त्या बोट दाखवायच्या आणि गवत उगवलेल्या फरशीवर मला त्या बाया दिसायच्या, त्यांची पोरं, ओल्या फडक्यांचा वास, औषधाच्या बाटलीवर चिकटवलेली कागदाची पट्टी.

"मग बंद कशानं पडला?" मी विचारलं. माझ्या वहीत या जागेपुढं मी साथ लिहिली होती, एक शापित डॉक्टर लिहिला होता.

"कशानं म्हंजे? कुनी बंद केला न्हाई. डॉक्टर बदलून गेले, दुसरे आले न्हाईत. मोटारी झाल्या, माणसं कराडला जाया लागली. रांग कमी कमी होत गेली. एके दिवशी मी येऊन बसले आणि कुनीच आलं न्हाई. मग साहेब म्हनाले, सामान हलवा."

आम्ही टोकाच्या दाराशी पोचलो. दार होतं, पण कुलूप नव्हतं. निळी अक्षरं आता अजिबात उरली नव्हती. मी त्यांना 'ती कक्ष' सांगितलं, फटीतून सरकवलेली बोरंही सांगितली. मला वाटलं त्या हसतील. प्रसूती कक्ष होता तो, एवढं मला मोठेपणी कळलंच होतं.

त्या हसल्या नाहीत. दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"होती एक ती," त्या म्हणाल्या. "तुझं काय अगदीच खोटं न्हवतं. ह्याच टेबलावर. दुसरं बाळंतपण. रक्त थांबंना. गाडी आली तवर उशीर झाला. पोरगं वाचलं, ती न्हाई. मला कुनी बोल लावला न्हाई. तिचा नवरासुद्धा न्हाई. पर माझं हात थरथराय लागलं. बाईच्या पोटाला हात लावला की थरथर. मी सांगून टाकलं, मी लशी टोचीन, बाळंतपणं न्हाई. सामान हलवलं तवा ह्या खोलीतलं टेबल मी न्हेऊ दिलं न्हाई. येऊन पुसायची. चादर धुवायची. का, ते मला बी ठावं न्हवतं."

जेसीबीवाल्याने डबा झाकला होता. तो आमच्याकडं बघत थांबला होता.

"तुझा बाप दारात आला तवा मी आत जाऊन हात धुतलं. थरथर जाईना. परत धुतलं. परत धुतलं. मग म्हटलं, थरथरत्या हातानं जाऊ. हाच हात हाय, दुसरा कुठनं आणू?" त्या धाकटीकडं वळल्या. "तू आलीस ती निळी. रडंना. मी उलटी धरली, पाठीवर मारलं. न्हाई. तुज्या आईला वाटलं संपलं, तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी तुज्या तोंडाला तोंड लावून वारा घालाय लागले. आणि तुजी ती आत्या..."

धाकटी ताठ झाली. "काय केलं आत्यानं?"

"तिनं तुजे दोन पाय आपल्या तळव्यात धरलं आणि चोळाय लागली. कोकराचं चोळत्यात तसं. मी थांबले हुते. खरं सांगते, मी आशा सोडली हुती. ती म्हनाली, थांबू नगा बाई. आमच्या कोकराला लय येळ लागतो. थांबू नगा. मग मी परत वारा घातला."

"किती वेळ?" धाकटीनं विचारलं.

"मला काय, वरीसभर वाटलं. मग तू शिंकलीस. आणि रडलीस. तुजी आत्या भिंत धरून उभी हुती. म्हनाली, पोरगी हाय, जगली. पोरगी जगली. आणि बाहेर पळाली. माज्यापुढं रडाय नको म्हणून."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर ऊस घेऊन गेला, मोठ्यानं गाणं लावून. गाणं पुढच्या वळणावर विरलं.

धाकटी माझ्याकडं बघत होती. मी तिला काय सांगणार होते? की मला दोन शब्दांतला एकच ऐकू आला होता? की मी आठ वर्षांची होते? ते खरं आहे, पण आत्यानं विचारलं तेव्हा मी आठ वर्षांची नव्हते.

"मला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. "मी मनाने भरलं."

तिनं मान फिरवली. मला वाटलं आता ती गाडीत बसून निघून जाईल. ती पायरीपाशी गेली, तिथं गवत होतं ते पायाने बाजूला सारलं आणि त्या दगडावर बसली. दोन्ही पाय आपल्या हातांत घेतले. कितीतरी वेळ ती आपले तळवे धरून बसली होती, जगात दुसरं काही काम नसल्यासारखी. ती रडत होती का ते मी बघितलं नाही. काही वेळाने, वर न बघता, तिनं शेजारची जागा हाताने झाडली. मी जाऊन बसले.

शिस्टरांनी मागून सांगितलं, "तुमी गेल्यावर चार दिवसांनी ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई अडली. मला बोलवाय आले. गेले मी. त्यानंतर रिटायर हुईपर्यंत एकीलाबी न्हाई म्हटलं न्हाई. हात थरथरायचं. पर जायची."

जेसीबीवाला जवळ आला. बिचारा संकोचला होता. "आजी, सुरू करू का? मला मलकापुरात बी एक काम हाय."

"कर बाबा. तुजं काम खोळंबलं," त्या म्हणाल्या.

आम्ही रस्त्याच्या पलीकडं, नर्सरीच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिलो. यंत्र खडखडलं. पहिल्यांदा कौलं गेली, एका बाजूने, पत्ते कोसळावेत तशी. आत इतकी वर्षं दाबून बसलेला गारवा बाहेर आला असावा, कारण एकदम अंगाला थंड झुळूक लागली आणि तिच्यात मला फिनेलचा वास आला. धाकटी म्हणते, तसलं काही नव्हतं, नुसती माती होती.

धाकटी फोन काढून दवाखान्याचा फोटो घ्यायला रस्त्याच्या कडेला पुढं सरकली. शिस्टर तिच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमी बारसं न करताच गेला. माज्या मनात ती आजवर धनगराची पोर एवढीच हाय. नाव काय ठेवलं?"

मी सांगणार होते. पण धाकटीनं ऐकलं होतं. ती वळली. सातबाऱ्यावर, शेडच्या पाटीवर, लग्नाच्या पत्रिकेवर ती माया आहे. ते नाव तिनं सांगितलं नाही. आत्यानं कुलदेवीवरून ठेवलेलं, शाळेत पोरी हसतात म्हणून टाकून दिलेलं नाव तिनं सांगितलं.

"मायाक्का."

"मायाक्का," शिस्टरांनी एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. समोर व्हरांड्याचा खांब कलला आणि धुळीचा मोठा लोट रस्त्याकडं यायला लागला. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात लांब केला. तो थरथरत होता.

"मायाक्का, धूळ यायलीया. हिकडं ये, माज्या मागं हो."

आणि अडतीस वर्षांची माझी बहीण, दोन पोरांची आई, जाऊन त्यांच्या पदराआड उभी राहिली.